डॉग ट्रेनिंगचा क्लास: नाव कुत्र्याचं, शिकवणी आपली

माझी चिंगी क्लासमध्ये इतकी शहाण्यासारखी वागायची की शेजारच्या लॅब्रेडॉरची मालकीण मला विचारायची, "तुम्ही घरी काय करून घेता हो?" खरं सांगायचं तर घरी मी काहीच करून घेत नव्हतो. ट्रेनरने हात उचलला की ही टुणकन बसायची आणि घराचा उंबरठा ओलांडला की सगळं विसरायची. तिसऱ्या आठवड्यात मी वैतागून ट्रेनरना म्हटलं, "इथे ऐकते, घरी ऐकत नाही." ते म्हणाले, "ती माझं ऐकते. तुमचं ऐकायला तिला अजून शिकवलंय कुणी?"

राग आला, पण हिशोब त्यांच्या बाजूने होता. आठवड्याचे तास १६८, त्यातला क्लास एक तासाचा. त्या एका तासात कुत्र्याने शिकावं ही अपेक्षाच चूक आहे. तो तास आपल्यासाठी असतो. आपण शिकायचं आणि उरलेल्या १६७ तासांत थोडं थोडं कुत्र्याला शिकवायचं. हे एकदा डोक्यात बसलं की क्लास कसा निवडायचा, तिथे काय न्यायचं, घरी आल्यावर काय करायचं, सगळंच बदलतं.

नाव घालण्याआधी एकदा एकटे जाऊन या

कुत्र्याला घरी ठेवून एक अख्खा क्लास बाजूला बसून बघा. बघू न देणाऱ्या ट्रेनरकडे मी जाणार नाही. तिथे ट्रेनरकडे कमी आणि कुत्र्यांकडे जास्त लक्ष द्या. कान मागे, शेपूट पोटाखाली, अंग आखडलेलं अशी कुत्री जास्त दिसली, तर "शिस्त किती छान आहे" असं वाटून घेऊ नका. ती शिस्त नसते, भीती असते. दोन कुत्र्यांमध्ये अंतर किती ठेवलंय आणि एका ट्रेनरच्या वाट्याला किती कुत्री येतात, हेही बघा. सहा-आठच्या वर गेली की तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ मिळत नाही.

मग तीन प्रश्न विचारा. कुत्र्याने बरोबर केलं तर काय करता? चुकलं तर काय करता? घाबरला तर काय करता? पहिल्याचं उत्तर सगळेच छान देतात. खरी परीक्षा दुसऱ्या प्रश्नाची. "पट्ट्याला झटका द्यायचा", "मानेला धरून खाली दाबायचं", "बॉस कोण ते दाखवून द्यायचं" यातलं काही कानावर आलं, तर आभार मानून निघा. 'बॉस'ची ही कल्पना बरीचशी रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाच्या १९४७च्या लांडग्यांवरच्या निरीक्षणांवरून पसरली. ते लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते. ज्यांच्या लिखाणामुळे 'अल्फा' म्हणजे कळपाचा बॉस हा शब्द घराघरात पोचला, त्याच लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब. तरीही काही क्लासमध्ये अजून मालकाला छाती पुढे काढून चालायला शिकवतात. अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१च्या निवेदनात सगळ्याच कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतींची शिफारस केली आहे. त्यात 'हट्टी' आणि 'आक्रमक' कुत्रीही आली.

पिल्लू असेल तर "सगळ्या लसी होऊ देत, मग बघू" म्हणून थांबू नका. नवी माणसं, आवाज, जागा सहज पचवण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा असतो आणि तो परत येत नाही. याच संघटनेच्या मते सात-आठ आठवड्यांचं पिल्लू क्लासला जाऊ शकतं. अट एवढीच, की लसींचा पहिला डोस निदान सात दिवस आधी झालेला हवा आणि जंतांचं औषधही दिलेलं हवं. तरी आपल्या व्हेटला, म्हणजे पशुवैद्याला, विचारूनच जा. जागा स्वच्छ आहे ना आणि बाकीच्या पिल्लांच्या लसी तपासतात ना, हेही बघून घ्या.

कुत्रा चावलेला असेल, दुसरं कुत्रं दिसताच अंगावर धावून जात असेल किंवा भीतीने थिजत असेल, तर ग्रुप क्लास ही सुरुवातीची जागा नव्हे. आधी एकट्याची सत्रं घ्या. आणि आजवर बरा वागणारा कुत्रा अचानक गुरगुरायला लागला असेल, तर ट्रेनरआधी व्हेट. दुखणाऱ्या कानाला 'सिट-स्टे'ने आराम पडत नाही.

पिशवी भरताना

सगळ्यात महत्त्वाचा खाऊ. लोक येतात ते मोठमोठी कडक बिस्किटं घेऊन. कुत्रा एक बिस्कीट अर्धा मिनिट कुडुमकुडुम चावत बसतो, चुरा हुंगतो, तोवर शिकवलेलं विरून जातं. तुकडा वाटाण्याएवढा आणि मऊ हवा, एका घासात गिळता येणारा. उकडलेलं चिकन, चीज, लिव्हर असं काहीतरी. तीन दर्जांचा खाऊ न्या. सोप्या कामाला रोजचं कोरडं खाणं, मधल्या कामाला साधी ट्रीट आणि खरंच अवघड काहीतरी जमलं तर चिकन. मी एकदा मोजले होते, एका तासात शंभराच्या वर तुकडे गेले. म्हणून त्या दिवशी जेवण तेवढं कमी करायचं. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी साधारण दहा टक्क्यांच्या आतच खाऊ असावा असा व्हेट मंडळींचा सल्ला असतो. तेव्हा रोजच्या खाण्यातलाच वाटा बक्षीस म्हणून वापरणं सगळ्यात सोपं.

खाऊ खिशात ठेवू नका, कमरेला बांधायची थैली घ्या. खिशात हात अडकतो आणि हात अडकला की वेळ चुकते. वेळेबद्दल पुढे बोलणारच आहे.

पट्टा पाच-सहा फुटांचा, साधा, सपाट. खेचला की लांबत जाणारा आपोआप गुंडाळणारा पट्टा क्लासमध्ये नको, कारण तो कुत्र्याला ओढायलाच शिकवतो. ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यावर ताण येऊ नये म्हणून अंगात घालायचा हार्नेस बरा. शिवाय पाणी, शी उचलायच्या पिशव्या आणि घरातली जुनी चटई. चटईला घरचा वास असतो. अनोळखी जागेत ती टाकली की कुत्र्याला आपलं असं काहीतरी मिळतं.

क्लासच्या आधी दोन-तीन तास पोटभर जेवण देऊ नका, पण उपाशीही ठेवू नका. "दमला की शांत बसेल" म्हणून चेंडूमागे तासभर पळवून आणणारे असतात. असा कुत्रा दमलेलाही असतो आणि चेकाळलेलाही. त्यापेक्षा वीस मिनिटं सावकाश हुंगत फिरवा आणि शी-शू उरकून घ्या.

शब्द आधी ठरवा

याचा त्रास मराठी घरात जरा जास्तच होतो. बसायला सांगण्यासाठी आपण 'बस' म्हणतो. मग दिवसभर घरात काय ऐकू येतं? "बस झालं." "बस, एवढंच वाढ." "तू बस, मी आणतो." बिचारा कुत्रा दिवसातून पन्नासदा 'बस' ऐकतो आणि त्यातल्या अठ्ठेचाळीस वेळा त्याच्याकडे कुणी बघतही नाही. महिनाभरात तो शब्द त्याच्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा होतो. 'खाली'चंही तेच. आडवा हो म्हणायलाही 'खाली' आणि सोफ्यावरून उतर म्हणायलाही 'खाली'. म्हणून बऱ्याच घरांत सिट, डाउन, स्टे चालतं. त्याचं कारण कुत्र्याला इंग्रजी चांगलं कळतं हे नव्हे. ते शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात कमी येतात, एवढंच. भाषा कुठलीही चालेल. शब्द छोटा हवा, एकाच कामाचा हवा आणि घरातल्या सगळ्यांचा एकच हवा. आजी 'ये रे राजा' म्हणणार, मुलगा 'कम' आणि बाबा नुसती शिट्टी वाजवणार, तर कुत्रा यायचा कुणाकडे? यादी लिहून फ्रिजवर चिकटवा.

क्लासमध्ये

पंधरा मिनिटं आधी पोचा आणि लगेच आत शिरू नका. बाहेर चार झाडं, दोन खांब हुंगू द्या. आत गेल्यावर कडेची, भिंतीजवळची जागा पकडा. पहिल्या दिवशी हौसेने मधोमध बसणाऱ्यांचा कुत्रा तासभर गोल गोल फिरत राहतो.

आता एक सोपी चाचणी. घरी ज्या चिकनसाठी तो जीव टाकतो, तोच तुकडा इथे नाकासमोर धरा. घेत नसेल, किंवा बोटं चावल्यासारखा हिसकावून घेत असेल, तर त्याच्या डोक्यात आत्ता शिकायला जागा नाही. मागे सरका. दहा पावलं, वीस पावलं, लागलं तर दाराबाहेर. दारात उभं राहून केलेला क्लास हा वाया गेलेला क्लास नव्हे. चिंगी पहिल्या दिवशी सारख्या जांभया देत होती. मला वाटलं, कंटाळली. ट्रेनरनी सांगितलं तेव्हा कळलं की ती अस्वस्थ आहे. जांभई, काही खाल्लेलं नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, तोंड फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग कोरडं असताना ओल्यासारखं झटकणं, अधूनमधून उगाच खाजवणं ही सगळी ताणाची लक्षणं असू शकतात. तीन-चार एकदम दिसली की अंतर वाढवा. ट्रेनरची परवानगी लागत नाही.

आणि पट्टा हातात असताना "हाय करू देत ना, माझा फ्रेंडली आहे" याला हसून नाही म्हणा. पट्ट्यात बांधलेल्या कुत्र्याला नको असलं तरी लांब जाता येत नाही.

पुढची गोष्ट वेळेची. कुत्रा बसला, तुम्ही थैलीत चाचपडलात, तुकडा काढलात, तोवर तो उठून उभा राहिला आणि खाऊ मिळाला. मग बक्षीस कशाचं मिळालं? उठण्याचं. म्हणून क्लिकर (दाबला की 'टक' वाजणारी छोटी डबी) किंवा 'यस'सारखा एक ठरलेला शब्द वापरतात. त्याचा अर्थ असा, की आत्ता, या क्षणी केलंस ते बरोबर, खाऊ येतोय. तो आवाज त्याच सेकंदाला आला पाहिजे, खाऊ एक-दोन सेकंदांनी आला तरी चालतो. याचा सराव कुत्र्याशिवाय करा. एकाने चेंडू खाली सोडायचा आणि तो जमिनीला टेकतो त्याच क्षणी दुसऱ्याने 'यस' म्हणायचं. पहिल्या दहा वेळा सगळेच उशिरा म्हणतात. पाच मिनिटांत हसून हसून पुरेवाट होते, पण वेळ जमायला लागते.

खाऊ नाकासमोरून वर नेऊन कुत्र्याला बसतं करणं ही युक्ती चार-पाच वेळाच वापरायची. मग तोच हात तसाच, पण रिकामा. खाऊ दुसऱ्या हातातून, काम झाल्यावर. हे केलं नाही, तर सहा महिन्यांनी "खाऊ दाखवल्याशिवाय ऐकतच नाही" ही तक्रार पक्की.

शब्द शिकवतानाचा क्रमही नेमका असतो. आधी शब्द, मग क्षणभर थांबायचं, मग हाताची खूण. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा हात बघतो आणि शब्द सोडून देतो. आणि शब्द एकदाच. 'सिट, सिट, अरे सिट ना' असं म्हणत राहिलात, तर त्याच्या लेखी आज्ञेचं नावच 'सिटसिटअरेसिटना' होतं.

कुणाला तरी तुमचा व्हिडिओ काढायला सांगा, पण कॅमेरा कुत्र्यावर नको, तुमच्या हातांवर ठेवायला सांगा. माझा व्हिडिओ बघून मी गप्पच झालो. दर वेळी 'सिट' म्हणायच्या अर्धा सेकंद आधी माझा उजवा हात थैलीकडे जात होता. चिंगी शब्द ऐकतच नव्हती, कोपर हललं की बसत होती. घरी थैली नसायची, म्हणून कोपर हलायचं नाही, म्हणून ती बसायची नाही. तीन आठवड्यांचं कोडं वीस सेकंदांत सुटलं. त्यानंतर दोन्ही हात छातीशी घट्ट धरून मी शब्द उच्चारायचो. बाहेरून बघणाऱ्याला वाटत असेल, हा प्रार्थनेला उभा आहे.

ट्रेनर दुसऱ्यांशी बोलत असतात तो वेळ फुकट घालवू नका. मोबाइल ठेवा. चटईवर नुसतं शांत पडल्याबद्दल अधूनमधून एक तुकडा गुपचूप त्याच्या पुढच्या दोन पायांमध्ये ठेवा. आजूबाजूला धुमाकूळ चालू असताना पडून राहणं हे 'शेकहँड'पेक्षा आयुष्यात शंभरपट उपयोगी पडतं. अडलं तर "कसं करायचं?" विचारण्यापेक्षा "मी करतो, माझं काय चुकतंय ते बघा" म्हणा.

घरी आल्यावर, आणि पुढचे सहा दिवस

कुत्र्याला पाणी देऊन झोपू द्या आणि तुम्ही पाच मिनिटं वहीत लिहा. हात कुठे होता, पाऊल कुठे होतं, किती सेकंद जमलं, कुठे बिघडलं. दुसऱ्या दिवशी यातलं निम्मं आठवत नाही.

सराव छोटा, तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून एक-दोनदा. एखादा दिवस चुकला तर जीवाला लावून घेऊ नका. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०११मध्ये बीगल कुत्र्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. रोज शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा आठवड्यातून एक-दोनदाच शिकवलेल्या कुत्र्यांना तेवढंच शिकायला कमी सत्रं लागली. दिवस जास्त गेले हे खरं, पण शिकलेलं मुरायला मधे वेळ लागतो, हे आपल्यालाही परीक्षेच्या अभ्यासावरून ठाऊक आहे.

कठीण कधी करायचं, यासाठी मी पाच-पाचचा हिशोब ठेवतो. पाच वेळा सांगायचं. पाचही जमले तर एक पायरी वर. तीन-चार जमले तर तिथेच अजून पाच. दोन किंवा त्याहून कमी, तर एक पायरी खाली, न चिडता. पायरी म्हणजे तीन गोष्टींपैकी एक: वेळ, अंतर, किंवा आजूबाजूची गडबड. एका वेळी एकच वाढवायची. 'स्टे' दहा सेकंद जमतो म्हणून लगेच दहा पावलं लांब जाऊन वर मुलांना चेंडू खेळायला लावू नका. अंतर वाढवलंत की वेळ पुन्हा दोन सेकंदांवर आणा.

जागा बदलत राहा. आपल्याला वाटतं 'सिट' म्हणजे 'सिट'. कुत्र्यासाठी स्वयंपाकघरात तुमच्यासमोर बसणं वेगळं, जिन्यात तुमच्या डाव्या बाजूला बसणं वेगळं आणि फाटकाबाहेर स्कूटर जाताना बसणं तर फारच वेगळं. हॉल, गॅलरी, जिना, अंगण, गल्ली अशी उतरंड लावा आणि प्रत्येक नव्या जागी पहिलीपासून सुरुवात करा. दुसऱ्या-तिसऱ्या जागेनंतर पहिलीतून चौथीत उडी मारायला त्याला वेळ लागत नाही.

वेगळा वेळ मिळत नसेल तर सराव दिवसातच मुरवा. जेवणाचं भांडं ठेवण्याआधी बसणं, दार उघडण्याआधी थांबणं, पट्टा लावताना स्थिर राहणं. भांडं, दार, फिरणं हीच बक्षिसं, थैलीही लागत नाही.

हाकेचं मात्र वेगळं जपा. हाक मारून बोलावलं आणि अंघोळ घातली, नखं कापली, किंवा खेळ संपवून घरी नेलं, असं चार वेळा झालं की ती हाक मेली. अंघोळीला न्यायचं असेल तर आपण उठून त्याच्याजवळ जायचं. आणि उशिरा आला तरी रागवायचं नाही, कारण तो आलाय आणि रागावणं येण्याच्या खात्यात जमा होतं.

आठव्या महिन्याच्या आसपास

कुत्रा वयात येताना सगळं शिकलेलं पाण्यात गेल्यासारखं वाटतं. ब्रिटनमधल्या संशोधकांचा २०२०मधला अभ्यास असा, की साधारण आठ महिन्यांच्या वयात कुत्री आपल्याच माणसाची 'सिट'ची आज्ञा कमी पाळत होती, अनोळखी माणसाची मात्र नीट पाळत होती. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. ट्रेनरचं ऐकणारी आणि माझं न ऐकणारी चिंगी तेव्हा बरोब्बर आठ महिन्यांची होती. म्हणजे दोष सगळाच माझ्या कोपराचा नव्हता.

या काळात क्लास सोडू नका, उलट शक्य असेल तर याच काळात ठेवा. पायऱ्या दोन खाली आणा, खाऊचा दर्जा एक वर न्या, आणि जिथे तो ऐकणार नाही याची खात्री आहे तिथे पट्टा सोडू नका. त्या अभ्यासातही हा काळ तात्पुरताच दिसला.

क्लास चुकला तर ट्रेनरकडून त्या दिवशीचा एकच मुद्दा विचारून घ्या, सगळे नकोत. आणि कोर्सच्या शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राचा फोटो काढण्याआधी विचारा, "माझ्या कुत्र्याचं सगळ्यात कच्चं काय?" जे उत्तर येईल तो पुढच्या दोन महिन्यांचा अभ्यासक्रम.

मी तोच प्राथमिक कोर्स पुन्हा केला. ओळखीतले हसले, नापास झाली का म्हणाले. दुसऱ्या खेपेला पहिल्या दिवशी ट्रेनर नव्या मंडळींना अर्धा तास नियम समजावत होते, सात कुत्री सात दिशांना ओढत होती आणि चिंगी जुन्या चटईवर घोरत होती. ट्रेनर म्हणाले, "हिला उठवा, सगळ्यांना 'सिट' करून दाखवू." मी म्हटलं, "असू दे, तिला पडू दे."